टॅबवरचे बोटांचे डाग आणि उडालेलं कोटिंग: नव्याने टॅब घेतलेल्यांसाठी

नाशिकच्या इंदिरानगरला आमची छोटी अभ्यासिका आहे. मुलांना व्हिडिओ बघायला आणि सराव परीक्षा द्यायला आम्ही बारा टॅब ठेवलेत. पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी केर काढून झाला की मी स्वतः ते टॅब पुसायचे. खिडकीच्या काचांचा निळा स्प्रे घ्यायचा, स्क्रीनवर थेट दोन फवारे मारायचे आणि हाताला लागेल त्या सुती फडक्याने डाग जाईपर्यंत घासायचं. टॅब लखलखायचे. दिवाळीच्या सुमारास मात्र वेगळंच दिसायला लागलं. पुसल्यावर तासाभरात स्क्रीन पुन्हा चिकट व्हायची. मधोमध ढगासारखा पट्टा उमटायचा आणि पुसला तरी जायचा नाही, नुसता इकडचा तिकडे सरकायचा. मग मी आणखी जोर लावायला लागले, आणि त्याने काचेवरचा उरलासुरला तेलरोधक थरही गेला.

बाराच्या बारा टॅबचं हे झाल्यावर मी नीट माहिती काढली, हाताने करून बघितलं, आणि आता तीन वर्षं त्या पद्धतीने काम चाललंय. टॅबला डागांपेक्षा पुसण्यानेच जास्त इजा होते, हे नवीन टॅब घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळायला हवं. म्हणून आधी काचेवरचा थर शाबूत आहे का ते बघायचं आणि मगच फडक्याला हात घालायचा.

काचेवर काय असतं

चांगल्या टॅबच्या काचेवर तेल धरू न देणारा एक लेप कारखान्यातच दिलेला असतो. ॲपलने हा लेप २००९ च्या आयफोन ३जीएसवर आणला आणि २०१० च्या पहिल्या आयपॅडवरही तो होता. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या टॅबवर असतो. अगदी स्वस्तातल्या टॅबवर कधी नसतोच, असला तरी नावापुरता. त्यामुळे नवा कोरा टॅब पहिल्या दिवसापासून डाग धरत असेल तर तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या.

हा लेप म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायन, नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाच्याच कुळातलं. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला घट्ट धरून असतं आणि उरलेला भाग तेला-पाण्याला टेकू देत नाही. त्यामुळे बोटाचं तेल काचेवर पसरत नाही, बारीक बारीक थेंबांत गोळा होतं आणि हलक्या हाताने निघून येतं. जाडी म्हणाल तर काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. नॉनस्टिक तव्याला आपण स्टीलचं उलथणं लावत नाही, तारेच्या घासणीने घासत नाही. टॅबला तेवढाच जीव लावायचा.

नीट वापरला तरी हा थर हळूहळू झिजतोच. ॲपलच्या वॉरंटीत तर स्पष्ट लिहिलंय की काळाबरोबर झिजणारे संरक्षक लेप त्यात धरलेले नाहीत. म्हणजे सर्व्हिस सेंटरला जाऊन वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता डाग येतात कुठून? तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला तैलग्रंथी नसतात, तिथे फक्त घामाच्या ग्रंथी असतात. मग तेल आपण दुसरीकडून आणतो: कपाळावरून, नाकावरून, केसांवरून, सनस्क्रीनमधून, आणि नाशिकमध्ये राहताय तर मिसळीच्या तर्रीतूनही. आमच्या मुलांच्या टॅबवर सगळ्यात जास्त डाग रविवारी सकाळच्या बॅचला असतात, कारण अर्धी पोरं मिसळ खाऊन थेट येतात. आता दाराशी बेसिनवर साबण ठेवलाय आणि हात धुऊनच टॅब हातात घ्यायचा असा नियम केलाय. त्या एका नियमाने पुसायचं काम निम्म्यावर आलं.

आधी थेंबाची परीक्षा

हे सगळ्यांनी करावं, टॅब नवा असला तरी. टॅब बंद करा, स्क्रीन कोरडी पुसून घ्या आणि टेबलावर सपाट ठेवा. बोट शुद्ध पाण्यात बुडवून मुगाच्या दाण्याएवढा एक थेंब काचेच्या कोपऱ्याजवळ सोडा, जिथे बोट फारसं जात नाही. दुसरा तेवढाच थेंब मधोमध, आणि तिसरा जिथे कीबोर्ड उघडतो त्या भागात. कडेची फट, स्पीकर आणि चार्जिंगचं भोक यांच्यापासून लांब.

सासूबाईंच्या टॅबवर मी हे केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पाणी कशाला सांडतेस त्याच्यावर?" मग चष्मा लावून वाकून बघायला लागल्या. कोपऱ्यातला थेंब मोत्यासारखा गोल, उंच उभा होता, खिडकी त्यात उलटी दिसत होती. टॅब जरा तिरका केला तर तो मागे ओल न ठेवता घरंगळत निघाला. मधला थेंब मात्र बसका, कडेने वेडावाकडा पसरलेला. कीबोर्डच्या जागी तर थेंब राहिलाच नाही, नाण्याएवढी ओली चकती झाली आणि टॅब तिरका केल्यावर तिचा ओघळ पडला. एकाच काचेवर तीन अवस्था. रोजचं शब्दकोडं सोडवून सोडवून खालचा भाग पूर्ण झिजला होता आणि कोपरे अजून नव्यासारखे होते.

थेंब सगळीकडे गोल उभा राहिला तर तुमचा थर शाबूत आहे, फक्त पुसायची पद्धत शिकून घ्या. काही ठिकाणी बसका झाला तर थर झिजत चाललाय, पुसताना दुप्पट हलका हात ठेवा. सगळीकडे पसरला तर थर गेला, आणि आता कितीही घासलं तरी स्क्रीन नव्यासारखी राहणार नाही. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. परीक्षा झाली की पाणी लगेच टिपून घ्या.

पुसायला काय लागतं

फार काही नाही. चष्म्याच्या दुकानात मिळतं ते मायक्रोफायबरचं फडकं, दोन असलेली बरी. कॅमेऱ्याच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी ब्लोअर. थोडं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. आणि मेडिकलमधून अल्कोहोल स्वॅबची छोटी पाकिटं, इंजेक्शनआधी दंडाला लावतात ती. त्यात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, पाकिटावर वाचून घ्या.

पाण्याबद्दल आग्रहाने सांगते. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी पिणारे आपण पाण्याला चांगलंच म्हणतो आणि ते प्यायला चांगलंच आहे. पण कुठल्याही नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि सोसायटीत बोअरचं पाणी मिसळलेलं असेल तर जास्तच. थेंब वाळला की पांढरी कडी उरते आणि ती काढायला पुन्हा घासावं लागतं. डिस्टिल्ड नसेल तर घरच्या आरओचं पाणी चालेल.

रोजचं पुसणं

टॅब बंद करा, चार्जर काढा, कव्हर काढा. बंद काळ्या स्क्रीनवरच डाग खरे दिसतात. टॅब गरम असेल तर थंड होऊ द्या, नाहीतर ओल तिथल्या तिथे सुकून पट्टे उठतात. गाडीत उन्हात राहिलेला टॅब आल्या आल्या पुसू नये, ते त्यासाठीच.

मग धूळ. ही पायरी लोक सोडून देतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मोहच्या कठीणतेच्या मापावर काच साधारण साडेपाच ते साडेसहावर येते आणि वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे वाळूचा कण काचेपेक्षा कठीण. पाथर्डी फाट्याकडे, गंगापूर रोडच्या पुढे जिकडेतिकडे बांधकामं चालू आहेत, एप्रिल-मेच्या वाऱ्याने रेतीची बारीक भुकटी घराघरात येते. ती स्क्रीनवर बसलेली असताना फडकं फिरवलंत तर फडक्याचा पॉलिश पेपर होतो. टॅब उभा धरा आणि वरून खाली ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात. ब्लोअर नसेल तर कोरड्या फडक्याच्या टोकाने न दाबता नुसती धूळ झटका.

आता फडकं. दोनदा घडी घाला, म्हणजे चार पदर होतात आणि उलटसुलट करून पुसायला आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या बाजूने वरून खाली सरळ पट्टे मारा, एकाशेजारी एक. गोल गोल फिरवू नका, त्याने तेल उचललं जात नाही, सगळीकडे सारखं पसरतं. दोन-तीन पट्टे झाले की बाजू बदला. जोर किती? झोपलेल्या बाळाचं तोंड पुसताना जितका लावाल तितका.

थर शाबूत असेल तर शंभरात नव्वद वेळा काम इथेच संपतं. उरलेल्या डागावर तोंड जवळ नेऊन हलकी वाफ सोडा, "हा" करून, आणि लगेच पुसा. श्वासातली वाफ काचेवर जमते तेव्हा ते क्षार नसलेलंच पाणी असतं. वाफ धरली की ठसे कुठे आहेत तेही उठून दिसतात.

तरीही चिकट राहिलं, चहाचा थेंब किंवा आंब्याचा रस वाळलाय, तर फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करा. ओलसर म्हणजे पिळल्यावर थेंब पडणार नाही इतका. वाळलेल्या डागावर तो कोपरा दहा-पंधरा सेकंद नुसता ठेवून द्या, डाग मऊ पडू द्या, मग उचला आणि कोरड्या बाजूने टिपा. पाणी कधीही थेट स्क्रीनवर मारू नका. फवारा काचेवरून घसरून कडेच्या फटीत जातो. आमच्या एका टॅबचा स्पीकर असाच कायमचा खरखरायला लागला. काचेला तडा गेलेला असेल तर ओलं काहीही लावायचं नाही, फक्त कोरडं पुसायचं.

स्वॅब शेवटी आणि क्वचित. ताप-सर्दीच्या दिवसांत टॅब हातोहाती फिरला असेल, किंवा तर्री, सनस्क्रीन असं काही घट्ट बसलं असेल तेव्हाच. २०२० च्या मार्चमध्ये ॲपलने आपल्या सूचना बदलून ७० टक्क्यांच्या अल्कोहोल वाइपला हरकत नाही असं सांगितलं. पण हरकत नाही याचा अर्थ रोज करा असा नाही. दहा-अकरा इंची टॅबला दोन स्वॅब लागतात. एकदाच सरळ पट्टे मारा आणि मागोमाग कोरडं फडकं.

आठ दिवसांनी फडकं धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, नीट खळबळून घ्यायचं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. तो धाग्यांवर मेण चढल्यासारखा बसतो आणि मग फडकं तेल उचलायचं सोडून स्वतःच लावत सुटतं. गच्चीवर वाळत टाकू नका, घरात सावलीत वाळवा.

हे लावू नका

काचेचे अमोनियावाले स्प्रे, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, लिंबू, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर. हँड सॅनिटायझरही नको. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं आणि तेच स्क्रीनवर चिकटून राहतं. टिश्यू पेपर, वर्तमानपत्र, ओढणी, पदर, शर्टाची बाही यांतलं काही नको.

टूथपेस्ट आणि खाण्याच्या सोड्याबद्दल वेगळं सांगते, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी मला तो उपाय सांगतंच. दोन्हींमध्ये घासणारे कण असतात. ओरखडा त्याने भरून येत नाही. आजूबाजूची काच घासली जाते आणि राहिलेला थर मात्र नक्की जातो.

कागदासारखी मंद दिसणारी, चमक मारणारी नव्हे अशी काच असलेले महागडे टॅबही आता आलेत. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये १ टीबी आणि २ टीबीच्या मॉडेलला नॅनो-टेक्श्चर काच घेता येत होती. तुमच्याकडे ती असेल तर वरचं पाण्याचं विसरा. सोबत मिळालेलं कापडच वापरायचं, कोरडं, आणि फारच हट्टी डाग असेल तर त्या कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल घेऊन.

थर गेलाच असेल तर

माझं मत स्पष्ट आहे: टेम्पर्ड ग्लास लावा. कारखान्यातला थर घरी परत आणता येत नाही, पण त्याच्यावर दुसरी काच बसवता येते आणि बऱ्या टेम्पर्ड ग्लासवर स्वतःचा तेलरोधक लेप असतो. तो झिजला की ग्लास बदलायची. एम. जी. रोडच्या मोबाईल गल्ल्यांत टॅबच्या ग्लास मिळतात, पण जाताना टॅब घेऊनच जा. एकाच नावाच्या टॅबच्या दोन पिढ्यांत कॅमेऱ्याची जागा वेगळी असते. दुकानात ग्लास हातात आली की तिथेच थेंबाची परीक्षा करा, वरच्या बाजूला. थेंब पसरला तर ती साधी काच आहे, परत द्या. मी आता दर वेळी पाण्याची छोटी बाटली घेऊन जाते आणि दुकानदार ओळखून आहेत.

दुकानात लावून दिली तर उत्तम, पण रस्त्याच्या धुळीत लावलेल्या ग्लासखाली कण अडकतात. घरी लावायची तर बाथरूममध्ये. गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडा, वाफेने हवेतली धूळ खाली बसते. वाफ विरल्यावर, सगळं कोरडं झाल्यावर आत जा. स्वॅब, कोरडं फडकं, मग चिकटपट्टीने राहिलेले कण उचलायचे आणि ग्लास एका कडेने हळूच सोडायची. आतली हवा आपसूक बाहेर निघत जाते. अतिनील दिव्याने सुकवायच्या गोंदाची ग्लास टॅबला नको, गोंद स्पीकरच्या जाळीत उतरू शकतो.

पेनने लिहिणारे, चित्र काढणारे यांना खरखरीत मॅट फिल्म आवडते. तिच्यावर ठसे फार दिसत नाहीत हे खरं. पण अक्षरांची धार थोडी मंदावते आणि पेनचं टोक लवकर झिजतं. मोडी लिपीचे कागद मोठे करून वाचणाऱ्या एका काकांनी आमच्याकडची मॅट फिल्म आठवड्यात काढून टाकली, बारीक फाटे दिसेनात म्हणून.

तिसरा मार्ग म्हणजे बाटलीतून मिळणारं कोटिंग पुन्हा चढवणं. उघड्या काचेवरच काम करायचं असेल तर ते करून बघण्यासारखं आहे. स्क्रीन स्वॅबने पूर्ण तेलविरहित करा, तासभर वाळू द्या. खिडक्या उघड्या, पंखा बंद, स्वयंपाकघरापासून लांब, कारण त्यातला द्रव लगेच उडतो आणि तो नाकात जायला नको. थेंब टाकून सोबतच्या कापडाने पातळ पसरवा, सगळा भाग दोनदा. मग रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी जी धुरकट झाक दिसते ती कोरड्या मायक्रोफायबरने हलकी पुसून काढा. पहिल्या दिवशी थेंब सुरेख उभा राहतो. सासूबाईंच्या टॅबवर कीबोर्डच्या जागी तो पाऊणेक महिना तसा राहिला, नंतर पुन्हा बसका. म्हणजे काही आठवडे ते काही महिने, वापरावर. 'नाईन एच' असं कठीणपणाचं माप लिहिलेल्या आणि काच फुटणारच नाही असं सांगणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका, नॅनोमीटरभर थर काच फुटायची थांबवत नाही.

द्राक्षबागेत टॅब नेणाऱ्यांसाठी

आमचे भाऊजी निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीचं वेळापत्रक, हवामान, मजुरांचा हिशेब सगळं टॅबवर. त्यांच्या स्क्रीनवरचा डाग वेगळा असतो. तो फवारणीच्या बुरशीनाशकांचा: बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, भुरी रोगासाठी गंधक. वाळल्यावर ही सगळी खरबरीत भुकटी होते आणि चुना वरून क्षारीय. भाऊजी ती बंडीच्या टोकाने पुसायचे, एका हंगामात स्क्रीन धुरकटली.

असा टॅब कोरडा पुसायचाच नाही. आधी ब्लोअर, तोही उघड्यावर आणि नाकातोंडाला रुमाल बांधून. मग ओलसर फडकं नुसतं वर ठेवायचं, भुकटी ओली होऊन फडक्याला लागू द्यायची आणि फडकं न ओढता सरळ वर उचलायचं. प्रत्येक वेळी नवी बाजू. आठ बाजू संपल्या की दुसरं फडकं. भुकटी पूर्ण गेल्यावरच नेहमीचे पट्टे. ती फडकी वेगळी ठेवायची आणि वेगळी धुवायची, घरातल्या टॅबला लावायची नाहीत.

त्याहून सोपं म्हणजे बागेत जाताना टॅब झिपवाल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालणं. पिशवी ताणून घेतली की वरून बोट चालतं, कारण पातळ प्लास्टिकमधूनही स्क्रीनला स्पर्श कळतो. भाऊजी आता पिशवी फवारणीच्या फेरीनंतर बदलतात आणि टॅब पिशवीतून बाहेर काढण्याआधी हात साबणाने धुतात.